सात गुणांचा वास

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात काहीही तळा, भाजा नाहीतर करपवा. कौन्सिलचं काही म्हणणं नसतं. तेच दुकानात करून गिऱ्हाइकाला डब्यात भरून द्यायचं ठरवलंत, की त्या धुराने कुठल्या नळीतून, किती उंचीवरून, किती वेगाने आणि किती आवाज करत बाहेर पडावं, याचे नकाशे काढून रीतसर अर्ज करावा लागतो. मग जवळच्या दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पाकिटातली नोटीस बांधली जाते आणि शेजाऱ्यांना म्हणणं मांडायला २१ दिवस मिळतात. आमच्या कोपऱ्यावरची नोटीस आधी कुत्र्यांनी हुंगली, मग त्यांना फिरवणाऱ्यांनी वाचली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की बंद पडलेल्या भेटकार्डांच्या दुकानात इंडियन टेकअवे येतंय.

इंडियन हे पाटीपुरतं. मालक सिल्हेटचे, म्हणजे बांगलादेशातले. ब्रिटनमधली बरीचशी ‘इंडियन’ हॉटेलं तिकडच्याच लोकांनी काढली आणि वाढवली. दुकानाच्या वर दोन फ्लॅट, मागे आमच्या ओळीतल्या घरांच्या बागा, आणि त्यात सगळ्यात जवळची बाग शेजारीणबाईंची.

त्या नोटिशीने माझा भाव एकदम वधारला. एरवी पावसापलीकडे न जाणारी माणसं मला थांबवून वासाबद्दल बोलायला लागली. “तसा छानच असतो हं तुमच्याकडचा वास,” शेजारीणबाई म्हणाल्या, “पण रोज म्हणजे...” इंग्रज माणूस वाक्य अर्धवट सोडतो तेव्हा उरलेलं अर्धं आपण आपल्या जबाबदारीवर ऐकायचं असतं. दुसरीकडून टेकअवेवाल्या भाईंनी मला बसथांब्यावर गाठलं. “भाभी, दो लाइन हमारे लिए भी लिख देना.” म्हणजे एकीने मला जाणकार म्हणून धरलं, दुसऱ्याने घरची म्हणून. माझं स्वतःचं काही मत असेल, अशी शंका दोघांनाही आली नाही.

मत बनवायचं तर आधी वाचायला हवं. इथे कौन्सिलच्या फायली सगळ्यांना उघड्या असतात. मी चहा घेऊन बसले आणि हातातली कादंबरी बाजूलाच राहिली.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यातच बरा. दुकानांचे वर्ग ठरलेले असतात. २००५ मध्ये टेकअवेला ‘ए५’ असा स्वतःचा वर्ग मिळाला होता. २०२० च्या सप्टेंबरात इंग्लंडने वर्ग नव्याने लावले. कपड्यांचं दुकान, बँक, रेस्टॉरंट, दवाखाना अशा सगळ्यांना एकाच ‘ई’ वर्गात बसवलं आणि टेकअवेला वर्गाबाहेर उभं केलं. त्यामुळे भेटकार्डांच्या दुकानाचं कॅफे करायचं असेल तर वापर बदलायला परवानगी लागत नाही, टेकअवे करायचं असेल तर लागते. आणि इमारतीचं रूप बदलणारं धुराडं बाहेरून चढवायचं तर त्यालाही लागते. हरकती कशावर घ्यायच्या हेही ठरलेलं आहे. वास, आवाज, रहदारी, दिसायला कसं दिसेल, हे चालतं. माझ्या घराची किंमत पडेल, हे चालत नाही. पलीकडच्या दुकानाचा धंदा बसेल, हेही चालत नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या हरकती अशा पहिल्याच ओळीत बाद झाल्या.

पण खरी मजा तक्त्यात होती. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २००५ मध्ये हॉटेलांच्या स्वयंपाकघरातून निघणाऱ्या वासावर आणि आवाजावर एक मार्गदर्शिका काढली. पुढे सरकारने ती मागे घेतली, तिच्या सुधारित आवृत्त्या इतरांनी काढल्या, तरी वासाला गुण देण्याची तिची रीत टिकली. चार विषयांचा पेपर. पहिला विषय, धूर कुठे सोडता: छपराच्या कण्यापेक्षा एक मीटर वर आणि सेकंदाला १५ मीटर वेगाने सोडलात तर ५ गुण, वळचणीच्या खाली सोडलात तर १५, अंगणात कोंडलात तर २०. दुसरा, घरं किती जवळ: २० मीटरच्या आत असतील तर १०. तिसरा, स्वयंपाकघर केवढं: लहान असेल तर १. आणि चौथा विषय, शिजवता काय.

इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, हे लक्षात ठेवून वाचायचं. इटालियन, फ्रेंच, पिझ्झा: १ गुण. चिनी आणि जपानी: ४. कबाब, थाई, व्हिएतनामी आणि इंडियन: ७. सातावर माझी नजर थबकली. बरं, सात तर सात. आमचं कुठे काही लपलंय? मग त्याच्या वरची ओळ वाचली. तळलेली कोंबडी, बर्गर आणि फिश अँड चिप्स: १०.

दहा! ज्या पदार्थावर हा देश पोसला, दुसऱ्या महायुद्धातही ज्याला रेशन लावलं नाही, तो सरकारी कागदावर आपल्या जिऱ्या-लसणाच्या तीन गुण पुढे. आमच्या घराण्यात सातच गुण पडल्याचा एवढा आनंद याआधी कुणाला झाला नव्हता. कारणही सरळ आहे. वास एकटा फिरत नाही, तो तेलाच्या बारीक थेंबांवर बसून जातो, आणि मोठ्या कढईत बुडवून तळताना असे थेंब भरपूर उडतात. फक्त एक तक्रार नोंदवून ठेवते. एवढा लसूण आणि एवढं लोणी वापरून फ्रेंच लोक एका गुणावर सुटतात, हे मला पटलेलं नाही.

भाईंचा हिशेब मी कागदाच्या पाठीवर मांडला. धुराडं छपराच्या वर नेलं तर ५, घरं जवळ १०, लहान स्वयंपाकघर १, इंडियन ७, एकूण २३. वीस ते पस्तीसमध्ये ‘जास्त’ त्रास, म्हणजे तशी यंत्रणा बसवा. तेच धुराडं मागच्या अंगणात सोडलं असतं तर ३८, ‘फार जास्त’. पदार्थ तोच, खालची आचही तीच. फरक पडतो तो नळीच्या उंचीने.

आता ती नळी. तव्यांच्या डोक्यावर स्टीलचं छत, त्यात तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या. जड चरबी तिथे आपटून थेंबाथेंबाने खालच्या पन्हळीत उतरते. पुढे विजेच्या भाराने धुराचे कण ओढून घेणारी पेटी. त्यापुढे कोळशाच्या गाळण्या. हा कोळसा वास गिळतो, पण त्याच्या छिद्रांवर तेल बसलं की त्याची भूक मरते, म्हणून तेलाला आधीच गाठायचं. ‘जास्त’ वर्गातल्या धुराने कोळशाच्या सहवासात ०.२ ते ०.४ सेकंद काढावेत, अशी अपेक्षा असते. आपण ज्या फोडणीसाठी अर्धा तास कांदा चिरतो, तिचा इंग्लंडमधला शेवटचा मुक्काम तेवढाच. मग पंखा, मग आवाज गिळणारी पेटी, आणि मग मागच्या भिंतीवरून, फ्लॅटच्या न्हाणीघराच्या खिडकीशेजारून वर जाणारा चकचकीत पत्रा. त्याच्या टोकावर टोपी चालत नाही. टोपी घातली की धूर वर जायचा सोडून खाली वळतो. त्यामुळे जिथे माणूस छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, तिथे धुराडं बारा महिने बोडक्याने पावसात उभं.

हरकतींपैकी एक मला विशेष आवडली. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की धुराड्यामुळे छपरांची जुनी ओळ विद्रूप होईल. मी मान वर करून ती ओळ पाहिली. घरटी दोन-दोन धुराडी, प्रत्येकावर मातीच्या चार-चार नळ्या; सगळी कोळशाच्या शेगड्यांची, सगळी थंडगार. अशाच धुराड्यांनी मिळून १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर असं काळं धुकं धरलं की हजारो माणसं दगावली, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. आता ती वारसा झाली आहेत. धूर ओकणं थांबवलं की धुराड्याला सौंदर्य येतं, असा याचा अर्थ घ्यायचा. यावर तोडगाही ठरलेला असतो: पत्र्याला झळाळी नसलेला काळा रंग द्या. काही ठिकाणी तर पत्र्याभोवती फायबरचं खोटं विटांचं धुराडं चढवतात.

आवाजाचं प्रकरण वेगळं. त्यासाठी एक तरुण रात्री आमच्या मागच्या गल्लीत तिकाटण्यावर माइक लावून गेला. पंखा चालू नसताना किती शांत आहे ते आधी मोजायचं, मग पंख्याची घरघर त्या शांततेच्या किती वर जाते ते बघायचं. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या कोल्ह्यांना प्रेमाचा उमाळा आला होता. त्यांचं ओरडणं हिशेबातून वगळावं लागलं.

स्वयंपाकघराच्या आवाजाने इंग्रजी कायद्याला पूर्वीही झोप लागू दिलेली नाही. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ स्वयंपाकघरात दोन मोठे खल घेऊन कुटत होता. मागच्या विंपोल स्ट्रीटवर एक डॉक्टर राहायला आले. त्यांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि छातीला नळी लावली की खलबत्ताच ऐकू येऊ लागला. १८७९ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने गेला. मी आधीपासून कुटतोय, हे म्हणणं कोर्टाने मानलं नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खलबत्ता घोकतात. मला त्यात मिठाईवाल्याचं वाईट वाटतं. बागेला दुसरं टोक नव्हतं का?

वासाचा तसाच गाजलेला खटला सॉमरसेटमधल्या डल्व्हर्टन गावचा. गुरांचे एक डॉक्टर, ॲडम्स. त्यांनी १९०७ मध्ये सिल्व्हर स्ट्रीटवर घर घेतलं, आणि काही वर्षांनी शेजारी अर्सेल नावाच्या माणसाने तळलेल्या माशांचं दुकान टाकलं. वाफ आणि वास ॲडम्स यांच्या खोल्यांतून धुक्यासारखा भरायचा. दिवसभर गोठ्यांतून फिरणाऱ्या माणसाला माशाचा वास सोसू नये, यावर गावात थोडं हसू झालं असेल. अर्सेलचा बचाव असा होता की हे गरिबांचं अन्न आहे, दुकान बंद केलंत तर त्यांचे हाल होतील. १९१३ चा निकाल म्हणाला, गरिबांची सोय म्हणून शेजाऱ्याचे हाल करता येत नाहीत. या जागी तळू नका. पण मनाई त्या जागेपुरतीच. त्याच रस्त्यावर दुसरीकडे, जिथे कुणाला उपद्रव होणार नाही तिथे, दुकान थाटायला मोकळीक राहिली. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. तळणावर त्याने राग धरलेला नाही, फक्त अंतर मागितलं आहे. भाईंच्या फायलीतले सगळे आकडे शेवटी त्याच अंतराचे आहेत; बाजूला सरकायला जागा नाही म्हणून ते वरच्या दिशेने मोजायचं, एवढंच.

वास खराखुरा मोजायचा झाला तर मात्र यंत्र उपयोगी पडत नाही, माणसाचं नाकच लागतं. युरोपभर मान्य असलेल्या पद्धतीत वास पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणतात, शुद्ध हवेत मिसळून पातळ करत जातात, आणि हुंगणाऱ्यांपैकी निम्म्यांना कळेल न कळेल अशा पातळीला एक एकक म्हणतात. हुंगणाऱ्यांनी आधी अर्धा तास काही खायचं नाही, विडी-सिगारेट ओढायची नाही, अत्तर लावायचं नाही. नाकाची परीक्षा ब्यूटॅनॉल नावाच्या अल्कोहोलवर होते. ज्याला वास येत नाही तो नापास, हे समजण्यासारखं आहे; पण ज्याला फार लवकर येतो तोही नापास. आमची अलिबागची आजी ओसरीवर बसून कुणाच्या चुलीवर काय चढलंय आणि त्यात मीठ पडायचं राहिलंय का, हे सांगायची. तिला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं. अर्थात एका टेकअवेसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही. तक्ता, आणि तक्रार आलीच तर कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याचं स्वतःचं नाक, यांवर भागतं.

त्या तक्त्याबद्दल मला आदर वाटायला लागला याचं कारण त्याला नाकच नाही. नाकवाल्यांचा अनुभव वेगळा आहे. केंटमधल्या एका बड्या घरमालकाने २०१७ मध्ये आपल्या एजंटला कळवलं होतं की भारतीय-पाकिस्तानी, किंवा त्याच्या शब्दांत ‘रंगीत’, भाडेकरू नकोत. ते घर सोडून गेल्यावर रश्शाचा वास मागे राहतो. मानवी हक्क आयोगाने त्याला मेडस्टोनच्या कोर्टात खेचलं आणि त्याच वर्षी कोर्टाने हे धोरण बेकायदा ठरवलं. तक्ता असलं काही म्हणत नाही. तो नळीची उंची विचारतो, हवेचा वेग विचारतो आणि कढईत काय आहे ते विचारतो. कढईशी उभा असलेला माणूस कोण, यासाठी त्यात रकाना नाही.

मग मी पत्र लिहिलं. भाईंच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. एवढंच, की परवानगी देणार असाल तर गाळण्या कधी धुतल्या, कधी बदलल्या याची वही ठेवायची अट घाला. कारण तक्रारींचं मूळ तिथे असतं. कागदावर सगळी यंत्रणा सुगंधी असते. बारीक गाळणी दर दोन आठवड्यांनी आणि कोळसा चार ते सहा महिन्यांनी बदलावा, असं ती मार्गदर्शिका म्हणते. आणि कोळसा स्वस्त नाही. पहिलं वर्ष उत्साहात जातं. मग एका मंदीच्या महिन्यात मालक ठरवतो, अजून चालेल. तिथून पुढे छपरावर दहा फूट नेलेलं धुराडंही शेजाऱ्याच्या गादीपर्यंत पोचतं.

परवानगी मिळाली. दुकान उघडायच्या आत यंत्रणा बसवा, ती कायम चालू स्थितीत ठेवा, वहीत नोंदी करा, रात्री अकराला गिऱ्हाईक बंद, आणि पत्र्याला काळा रंग. भाईंनी मला समोसे पाठवले, शेजारीणबाईंनी मला काहीच पाठवलं नाही. त्यांनी कौन्सिलकडून वासाची रोजनिशी मागवली. असा छापील तक्ता तक्रारदाराला देतात: तारीख, वेळ, वारा, वास कसा, किती वेळ.

त्या नोंदी काही दिवसांनी कुंपणावरून मला वाचून दाखवायला लागल्या, आणि मला त्यांचं व्यसन लागलं. सुरुवातीला प्रत्येक रकान्यात एकच शब्द होता: करी. मग “कांदा, गोडसर.” मग त्यांनी विचारलं, त्या काळ्या बारीक बियांना काय म्हणतात? मी मोहरी दिली, हुंगून पाहिली, “हाच!” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात नोंद: “सायंकाळी ६.४०, वारा पश्चिमेचा, मोहरी. नंतर लसूण, किंचित करपलेला.” आणि खरंच भाईंकडे नवा आचारी आला होता.

एकदा मात्र त्यांनी जरा जोरात वाचलं. “रविवार, दुपारी १२.१५. फार तीव्र. समुद्रासारखा. ओळख पटत नाही. टेकअवे बंद.” आता रविवारी दुपारी आमच्याकडे सुके बोंबील भाजतात. त्याची पूर्वतयारी एखाद्या ऑपरेशनसारखी असते: दाराशी टांगलेले सगळे कोट वरच्या खोलीत न्यायचे, कारण लोकर एकदा बोंबलाला भेटली की सोडत नाही, स्वयंपाकघराचं दार लावून फटीत टॉवेल कोंबायचा, आणि शेगडीवरचा पंखा लावायचा, जो धूर आत ओढून समोरच्या फटीतून माझ्याच तोंडावर परत करतो. युरोपीय कमिशनने १९९७ मध्ये याच बोंबलाची आयात अडवली होती, मान्यता असलेल्या कारखान्यांतून येत नाही म्हणून; इथल्या चाहत्यांनी ओरडा केला तेव्हा काही वर्षांनी वाट निघाली. मी शेजारीणबाईंना सांगितलं, तो आमचा. त्यांनी पेन काढलं, त्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “घरगुतीला रकाना नाही.”

मग मी त्यांना बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. समोर चौकात चिप्सचं दुकान आहे, फार जुनं. त्याच्या मागच्या भिंतीला एक गंजका पाइप आहे, कोळसा नाही, पेटी नाही. नगररचनेचा कायदा १९४८ च्या जुलैत लागू झाला, आणि हे दुकान त्याच्या आधीपासून तळतंय, म्हणून त्याने परवानगीचा कागद कधी पाहिलेलाच नाही. तक्त्यात दहापैकी दहा. रोजनिशीत त्याची एकही नोंद कशी नाही?

“चिप्सचा?” त्या खऱ्याच गोंधळल्या. “त्याला कुठे वास असतो? तो शुक्रवारचा असतो.”

हे मी भाईंना सांगितलं तर ते हसले नाहीत. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं, तेव्हा ते मुलांना घेऊन तिथेच जेवायला जातात म्हणे. मासा चांगला असतो, फक्त तेलात तळतात की बैलाच्या चरबीत, ते आधी विचारून घ्यावं लागतं. आणि व्हिनेगर आपण आपल्या हाताने घालायचं, ते लोक फार कमी घालतात.